विश्लेषण : घोड्याच्या रक्तात लपलेला ‘गोचीड ताप’ ओळखायचा कसा?

परदेशी स्पर्धेला निघालेल्या घोड्याचे रक्त कसून तपासले जाते. टांगा ओढणाऱ्या किंवा पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्याला ताप आला, तर मात्र अंदाजाने इंजेक्शन मिळते. हा क्रम का बदलायला हवा आणि त्यासाठी एक साधी काचपट्टी कशी पुरेशी ठरू शकते, याविषयी...

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरातमधून व्यापारी आपले मारवाडी, काठियावाडी, नुकरा घोडे घेऊन येतात. घेणारा आधी घोड्याचे तोंड उघडून दात पाहतो आणि वयाचा अंदाज बांधतो. मग अंगावरचे भोवरे बघतो, पाय पंचकल्याणी आहेत का ते पाहतो, घोडा चालवून आणि पळवून पाहतो. एखाद्या शुभ-अशुभ खुणेवरून भावात मोठा फरक पडतो. एवढ्या पारखीत एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. या घोड्याच्या रक्तात काय आहे?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण गोचिडीमुळे होणारा एक आजार घोड्याच्या रक्तात वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. घोडा खातो-पितो, पळतो, अंगावर तकाकी असते. दात, भोवरे आणि चाल यांवरून त्याचा पत्ता लागत नाही. तो लागतो फक्त रक्ततपासणीत. आपल्याकडे ही तपासणी कुणाची होते आणि कुणाची होत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

हा आजार नेमका कोणता?

शास्त्रीय नाव ‘इक्वाइन पायरोप्लाझमोसिस’. गाई-म्हशींचा गोचीड ताप शेतकऱ्यांना माहीत असतो. त्याच्याच कुळातला हा घोड्यांचा आजार आहे. घोडे, खेचरे, गाढवे आणि झेब्रे यांना तो होतो. कारणीभूत असतात ‘थायलेरिया इक्वी’ आणि ‘बबेसिया कॅबाली’ हे दोन एकपेशीय परजीवी. दोघेही तांबड्या रक्तपेशीत शिरतात, तिथे वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. माणसातल्या हिवतापाचा परजीवी हेच करतो. जीवशास्त्राच्या दृष्टीने हे सगळे एकमेकांचे दूरचे नातेवाईक आहेत. फरक असा की हिवताप डास पसरवतो, हा आजार गोचीड पसरवते.

लागण झाल्यापासून साधारण दहा दिवस ते महिनाभरात लक्षणे दिसतात. ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या पुढे जातो. घोडा चारा सोडतो, लवकर दमतो, धाप लागते. डोळ्यांची आतली त्वचा आधी फिकी आणि मग पिवळसर होते. पायांवर सूज येते. फुटलेल्या पेशींतील रक्तद्रव्य लघवीतून बाहेर पडू लागले की लघवी गडद लाल किंवा कॉफीच्या रंगाची होते. गाभण घोडीत थायलेरिया वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतो. मग गर्भपात होतो किंवा शिंगरू जन्मतःच आजारी निघते.

गोचिडी असलेल्या भागात वाढलेल्या घोड्यांत लहानपणीच लागण होऊन काही प्रमाणात प्रतिकारशक्ती तयार होते. म्हणून त्यांच्यात मृत्यू तुलनेने कमी. ज्याच्या रक्ताने हा परजीवी कधी पाहिलेलाच नाही, असा प्रौढ घोडा अशा भागात आणला तर मात्र आजार गंभीर होतो आणि जिवावरही बेततो. बाजारातून आणलेला घोडा नव्या गावात येताच आजारी पडला, तर ‘पाणी मानवले नाही’ असे म्हणून सोडून देण्याआधी ही शक्यता तपासायला हवी.

घोडा बरा झाला, तरी काळजी कशाला?

ताप उतरला म्हणजे परजीवी गेला असे नाही. ‘बबेसिया कॅबाली’ घोड्याच्या शरीरात काही वर्षे टिकू शकतो आणि पुढे बऱ्याचदा नाहीसा होतो. ‘थायलेरिया इक्वी’ मात्र बहुतेक वेळा आयुष्यभर ठाण मांडतो. अशा घोड्याला ‘वाहक’ म्हणतात. त्याच्या रक्तात परजीवी इतके कमी असतात की त्याला स्वतःला त्रास जाणवत नाही, पण त्याचे रक्त प्यायलेली गोचीड तो आजार दुसऱ्या घोड्याकडे नेऊ शकते. कष्ट, लांबचा प्रवास किंवा दुसरा आजार यांमुळे प्रतिकारशक्ती खालावली, की वाहक घोडाही पुन्हा आजारी पडू शकतो.

गोचिडींतही दोन तऱ्हा आहेत. बबेसिया हा मादी गोचिडीच्या अंड्यांतून तिच्या पुढच्या पिढीत उतरतो. थायलेरियाच्या बाबतीत गोचीड प्रामुख्याने आपल्याच वाढीच्या एका टप्प्यावर घोड्याकडून तो घेते आणि पुढच्या टप्प्यावर दुसऱ्या घोड्याला देते. म्हणजे एकदा गोठ्यात, तबेल्यात गोचिडींचा पक्का मुक्काम झाला, की केवळ आजारी घोड्यावर उपचार करून भागत नाही.

गोचिडीशिवायही तो पसरतो का?

होय, आणि हा भाग बहुतेक मालकांना माहीतच नसतो. एकाच सुईने पाच घोड्यांना इंजेक्शन दिले तर गोचिडीचे काम सुई करते. दात घासण्याची कानस, नाल मारताना किंवा जखम शिवताना वापरलेली रक्त लागलेली हत्यारे, तपासणी न करता दिलेले रक्त यांतूनही लागण होते.

याचा धडा अमेरिकेला मिळाला. तो देश स्वतःला या आजारापासून मुक्त समजत होता. २००९ मध्ये टेक्सासमधील एका प्रचंड मोठ्या कुरणावरच्या घोडीत लक्षणे दिसली. रक्त तपासले तर त्याच कुरणावरचे शेकडो घोडे बाधित निघाले. तिथे गोचिडींनी आजार पसरवला होता. त्यानंतर देशभर तपासणी वाढली, तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. विनापरवाना शर्यतींत पळणाऱ्या घोड्यांतही बाधित निघाले आणि तिथे संशय गोचिडींवर नव्हता, तर पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांवर होता.

आपल्याकडे जत्रेत, बाजारात, लग्नसराईत घोड्याला ‘ताकदीचे इंजेक्शन’ देणारे हात अनेक असतात. त्या हातातली सुई कितवी आहे, हे विचारायची सवय मालकांना लागली पाहिजे.

काचपट्टीवर काय दिसते?

आता मुख्य मुद्दा. हा आजार ओळखण्याच्या तीन पद्धती समजून घ्यायला हव्यात, कारण तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. त्यांची सरमिसळ झाली की पैसा जातो आणि घोडाही.

पहिली पद्धत सर्वांत जुनी आणि स्वस्त. घोड्याला ताप असताना कानाच्या कडेच्या बारीक शिरेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचपट्टीवर पातळ पसरायचा, वाळवायचा, ‘गिम्सा’ नावाच्या रंगाने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. तांबड्या पेशीत नाशपातीच्या आकाराचे, टोकाशी जुळलेले दोन मोठे ठिपके दिसले तर तो बबेसिया. चार लहान ठिपके फुलीसारखे एकत्र आलेले दिसले तर थायलेरिया. ही फुली ओळखीची खूण म्हणून जगभरातल्या पशुवैद्यकांना शिकवली जाते. सगळे काम साधारण तासाभरात होते.

काचपट्टीचा आणखी एक मोठा फायदा आहे. घोड्याला ताप, अशक्तपणा आणि पायांना सूज देणारा दुसरा एक आजार आपल्याकडे आहे, तो म्हणजे ‘सर्रा’. तो चावऱ्या माश्यांमुळे पसरतो. त्याचा परजीवी पेशीच्या आत न राहता रक्तात वळवळत फिरतो. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यकाने तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माईल खान इथे आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. माश्या वेगळ्या, परजीवी वेगळा आणि औषधही वेगळे. बाहेरून मात्र दोन्ही घोडे सारखेच दिसतात. हा फरक एक काचपट्टी सांगू शकते. लक्षणांवरून अंदाज बांधणारा अनुभवी माणूस इथे चुकू शकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

मर्यादाही सांगायला हवी. बबेसियाच्या आजारात शंभर पेशींपैकी एकीतही परजीवी नसतो, त्यामुळे तापातही तो नजरेतून निसटू शकतो. वाहक घोड्यात तर काचपट्टी जवळजवळ निरुपयोगी. परजीवी ‘दिसला’ तर उत्तर पक्के, ‘दिसला नाही’ तर उत्तर अपुरे, असे या तपासणीचे सूत्र आहे.

एलायझा आणि पीसीआर यांत फरक काय?

कोविडकाळाने हा फरक समजावणे सोपे करून ठेवले आहे. तेव्हा नाकातल्या स्वॅबची ‘पीसीआर’ चाचणी होत असे आणि रक्तातल्या ‘अँटिबॉडी’ची वेगळी. पहिली विषाणू आत्ता आहे का ते सांगत होती, दुसरी तो येऊन गेला का ते. घोड्यांतही तसेच आहे.

‘एलायझा’ चाचणी प्रतिपिंडे शोधते. आयात-निर्यातीसाठी जी ‘स्पर्धात्मक एलायझा’ वापरली जाते, तिची युक्ती मजेशीर आहे. छोट्या खाचांच्या पट्टीवर परजीवीचे प्रथिन चिकटवलेले असते. त्यावर घोड्याच्या रक्तातील पाणी, म्हणजे सीरम, टाकतात आणि मग प्रयोगशाळेत बनवलेले प्रतिपिंड. घोड्याच्या रक्तात आधीच प्रतिपिंडे असतील तर ती जागा अडवून बसतात, प्रयोगशाळेच्या प्रतिपिंडांना जागा उरत नाही आणि रंग फिका येतो. रंग गडद तर घोडा बहुधा निर्धोक, रंग फिका तर लागण झालेली. एका वेळी अनेक नमुने तपासता येतात आणि वाहक घोडेही सापडतात.

पण इथेही तीन खाचखळगे आहेत. लागण झाल्यावर पहिल्या काही दिवसांत प्रतिपिंडे तयार झालेली नसतात, म्हणून घोडा तापाने फणफणत असताना एलायझा ‘नाही’ म्हणू शकते. शिंगराला आईच्या चिकातून प्रतिपिंडे मिळतात, म्हणून पहिले काही महिने लागण नसतानाही ती ‘आहे’ म्हणू शकते. आणि परजीवीने रूप बदलले तर चाचणी फसते. २०१८ मध्ये अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या घोड्यांत ‘थायलेरिया हेनी’ या नव्या जातीची नोंद झाली. ज्या ‘ईएमए-१’ प्रथिनावर नेहमीची एलायझा आधारलेली आहे, ते प्रथिन बनवणारे जनुकच या जातीत नाही. साहजिकच ती चाचणी तिला ओळखत नाही.

‘पीसीआर’ परजीवीचे जनुकीय द्रव्य शोधते. थेंबभर रक्तात अगदी मोजके परजीवी असले तरी ती पकडू शकते, कोणती जात आहे तेही सांगते. मात्र यंत्र, रसायने आणि प्रशिक्षित माणसे लागतात. नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेपर्यंत न्यावा लागतो. वाहकाच्या रक्तात परजीवींचे प्रमाण खालीवर होत असल्याने एखाद्या दिवशी तीही चुकते.

थोडक्यात, घोडा आज तापाने आजारी असेल तर काचपट्टी, जमल्यास सोबत पीसीआर. घोडा विकत घ्यायचा असेल, पैदाशीला वापरायचा असेल किंवा परदेशी पाठवायचा असेल तर एलायझा, आणि शंका असेल तर पीसीआर.

चुकीची चाचणी निवडल्याने काय होते?

अमेरिकेत आयात घोड्यांसाठी अनेक वर्षे ‘कॉम्प्लिमेंट फिक्सेशन’ नावाची जुनी चाचणी अधिकृत होती. ताज्या लागणीत ती ठीक काम करते. जुन्या, रेंगाळलेल्या लागणीत मात्र चुकते. चाचणीच्या आधी घोड्याला काही औषधे देऊन ती फसवताही येत होती. अखेर २००५ मध्ये तिची जागा एलायझाने घेतली. तोवर कागदावर ‘निर्धोक’ ठरलेले वाहक घोडे देशात येत राहिले असणार, असे तिथल्या तज्ज्ञांनीच नंतर मान्य केले. प्रमाणपत्राची किंमत त्यामागच्या चाचणीइतकीच असते, हा यातला धडा. आपल्या घोडेबाजारांत दाखवल्या जाणाऱ्या ‘आरोग्य प्रमाणपत्रा’लाही तो लागू आहे. त्या कागदावर नेमके काय तपासले, कोणत्या पद्धतीने आणि कधी, हे वाचल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

भारतात तपासणीची सोय आहे का?

आहे, आणि चांगली आहे. हरियाणातील हिसार इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी थायलेरिया इक्वी ओळखण्यासाठी ‘ईएमए-२’ या प्रथिनावर आधारित एलायझा विकसित केली आहे. महाराष्ट्रात पुण्यातील औंध इथे पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

देशाने अलीकडे एक मोठी मजलही मारली. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतील रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्राला ‘अश्व रोगमुक्त विभाग’ म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. ज्या पाच आजारांपासून तो विभाग मुक्त असल्याचे जाहीर झाले, त्यांत पायरोप्लाझमोसिस आणि सर्रा आहेत. उरलेले तीन म्हणजे ग्लँडर्स, अश्व इन्फ्लुएंझा आणि संसर्गजन्य अशक्तपणा.

याचे महत्त्व कळायला २६ सप्टेंबर २०२३ हा दिवस आठवावा. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला यांच्या भारतीय संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक मिळवले. अश्वारोहणात भारताला ४१ वर्षांनी मिळालेले ते सुवर्ण. पण हे खेळाडू आणि त्यांचे घोडे तयारी करत होते युरोपात. भारतातील घोडा थेट परदेशी स्पर्धेला नेण्यात आड येत होते ते इथले रोग आणि ते नसल्याचा जगाला पटेल असा पुरावा नसणे. मेरठने आता हा पुरावा दिला आहे आणि त्याबद्दल तिथल्या पशुवैद्यकांचे कौतुकच करायला हवे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की आपली सगळी तपासणी ‘प्रमाणपत्र’ या एका शब्दाभोवती फिरते. घोडा सीमा ओलांडणार असेल, शर्यतीत उतरणार असेल, मोठ्या किमतीला विकला जाणार असेल, तर त्याचे रक्त प्रयोगशाळेत जाते. ज्याच्या मालकाचे रोजचे पोट घोड्यावर अवलंबून आहे, त्याच्या घोड्याचे रक्त मात्र कुठेच जात नाही.

समजा, माथेरानच्या एखाद्या घोडेवाल्याची घोडी ऐन दिवाळीच्या सुट्टीत चारा सोडून उभी राहिली. त्या डोंगरावर मोटारींना बंदी असल्याने घोडा हेच अनेक कुटुंबांचे उत्पन्न. हंगामातले दहा दिवस गेले की घरखर्चाचे गणित कोलमडते. अशा वेळी तो काय करणार? ओळखीच्या माणसाला बोलावणार. तो ताप बघून एक प्रतिजैविक देणार. नाही उतरला तर गोचीड तापाचे इंजेक्शन, तेही नाही तर सर्राचे. तीन औषधांचे पैसे जातात, आजाराला नाव मिळतच नाही.

यात धोकाही आहे. गोचीड तापावर वापरले जाणारे ‘इमिडोकार्ब’ हे प्रभावी औषध आहे, पण ते साधे नाही. त्याने लाळ गळते, पोटात कळा येतात, जुलाब होतात. मात्रा चुकली तर यकृत-मूत्रपिंडांना इजा होते. गाढवांना तर ते जास्तच बाधते. असे औषध ‘बघू लागू पडते का’ म्हणून देण्यासारखे नाही.

दुसरी अडचण भीतीची. घोडेमालक रक्त द्यायला कचरतात, कारण त्यांना ग्लँडर्स माहीत आहे. तो जिवाणूजन्य आजार माणसालाही होऊ शकतो. त्याचे निदान पक्के झाले की घोड्याला दयामरण द्यावे लागते आणि मालकाला सरकारी भरपाई मिळते. ‘रक्त दिले की घोडा जातो’ ही धास्ती त्यातून आली. पायरोप्लाझमोसिसची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून घोड्याला मारायचे कारण नाही. त्याच्यावर उपचार होतात, तो कामही करू शकतो. घोड्यासोबत राहणाऱ्या माणसालाही त्याच्यापासून हा आजार लागत नाही. हे मालकाला त्याच्या भाषेत, रक्त घेण्याआधी सांगितले गेले पाहिजे. भीती मनात ठेवून कुणी नमुना देणार नाही.

‘सगळेच घोडे पॉझिटिव्ह निघतील’ त्याचे काय?

ही हरकत पशुवैद्यकांकडूनही येते आणि ती गैर नाही. आपल्याकडे गोचिडी सर्वत्र. सरसकट एलायझा केली तर अनेक धडधाकट घोडे बाधित निघतील. त्यांच्यावर उपचार करून परजीवी मुळापासून काढणे खर्चिक आहे. शिवाय गोचिडींच्या प्रदेशात ते फारसे शहाणपणाचेही नाही, कारण थोडा परजीवी अंगात असल्यानेच प्रतिकारशक्ती टिकते. मग तपासायचे कशाला?

उत्तर असे की सरसकट तपासणीची मागणी कुणी करू नयेच. मागणी आहे ती आजारी घोड्याच्या काचपट्टीची. ‘परजीवी कुठे कुठे आहे’ हा संशोधनाचा प्रश्न झाला. ‘या घोड्याला आजचा ताप कशामुळे आहे’ हा मालकाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर स्वस्तात मिळू शकते.

दुसरी हरकत संख्येची. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात घोडे आणि तट्टे मिळून साधारण ३ लाख ४० हजार उरले. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक. एवढ्या थोड्या जनावरांसाठी वेगळी यंत्रणा कशाला, असे विचारले जाते. पण वेगळ्या यंत्रणेची गरजच नाही. हिवतापासाठी या देशाने हेच काम माणसांत कित्येक दशके केले आहे. खेड्यापाड्यांत आरोग्य कर्मचाऱ्याने तापाच्या रुग्णाच्या बोटातून रक्त घ्यायचे, काचपट्टी करायची, जवळच्या केंद्रात तपासायची, ही पद्धत आपल्याला नवी नाही. तोच गिम्सा रंग, तोच सूक्ष्मदर्शक. गाई-म्हशींच्या गोचीड तापासाठीही हीच काचपट्टी लागते. म्हणजे घोड्यासाठी केलेली सोय गोठ्यातल्या गाईलाही उपयोगी पडेल.

काय करता येईल?

शासनाच्या पातळीवर चार गोष्टी अवघड नाहीत. पहिली, घोड्यांची संख्या मोठी असलेल्या माथेरान, महाबळेश्वर यांसारख्या ठिकाणच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत काचपट्टी रंगवून त्याच दिवशी तपासण्याची हमी हवी. दुसरी, ‘१९६२’ क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाने तापाच्या घोड्याला औषध देण्याआधी काचपट्टी घेणे हा नियम करावा. औषध दिल्यावर परजीवी दिसेनासे होतात आणि निदानाची संधी जाते. तिसरी, सारंगखेडा आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगाव यात्रेसारख्या बाजारांत प्रवेशावेळी गोचिडींची पाहणी आणि माफक दरात रक्ततपासणीचा कक्ष असावा. चौथी, निकाल मालकाच्या मोबाइलवर, मराठीत आणि अर्थासह पोहोचावा. ‘पॉझिटिव्ह’ एवढा एक शब्द पाठवून कुणाचेच भले होत नाही.

मालकांनी स्वतः करायच्या गोष्टी आणखी सोप्या आहेत. गोचीड अंगाला चिकटल्याबरोबर आजार देत नाही. तिच्या लाळेतला परजीवी तयार व्हायला साधारणपणे काही दिवस लागतात. म्हणून रोजचा खरारा हा केवळ घोडा चकचकीत करण्यासाठी नाही, ते गोचीड शोधण्याचे कामही आहे. कानांच्या आत, आयाळीखाली, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या मध्ये बोटे फिरवून पाहावे. सापडलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. प्रत्येक इंजेक्शनला नवी सुई मागावी. नवा घोडा आणल्यावर त्याला काही आठवडे वेगळा बांधावा आणि रोज ताप पाहावा. लघवीचा रंग बदलला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

पशुवैद्यकाला एक प्रश्न जरूर विचारावा : ‘डॉक्टर, इंजेक्शनच्या आधी रक्ताची पट्टी घेणार ना?’

स्पर्धेच्या घोड्यासाठी देशाने काय करून दाखवले ते मेरठमध्ये दिसले. तिथली शिस्त आणि तपासणी प्रत्येक गावात नेणे शक्य नाही, त्याची गरजही नाही. पण सूक्ष्मदर्शक, रंगाची बाटली आणि काचपट्टी एवढे साहित्य तालुक्याला असणे ही चैन म्हणता येणार नाही. पुढच्या दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोड्याचे दात आणि भोवरे पाहून झाल्यावर कुणी रक्ताच्या तपासणीचा कागद मागितला आणि विकणाऱ्याने तो खिशातून काढला, तर आपल्या घोडेबाजारात खरी सुधारणा झाली असे समजायला हरकत नाही.